‘हे कोण?’ विचारणाऱ्या मगदूम अक्का

सांगलीतल्या आमच्या ऑफिसात सुनंदा मगदूम यांना ‘मॅडम’ म्हणणारे एकटे कंपनीचे मालक जाधव सर होते, आणि तेही फक्त वाद घालायचा असला की. एरवी त्यांच्यासकट सगळ्यांच्या त्या अक्का. पन्नाशीला टेकलेलं वय, सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याला आपोआप पुढं वाकावं लागायचं. जैन घरातल्या, दिवस मावळल्यावर खात नसत. ऊन उतरायला लागलं की हातातलं काम ठेवून डबा उघडायच्या. मीटिंग कितीही तापलेली असो, डब्याचं झाकण वाजलं की सर खुर्चीत मागं रेलायचे. "चला, अक्का जेवायला बसल्या. आता आपलं कोण ऐकतंय?"

त्या गेल्याला वर्ष होत आलं. अजून कुणी नवा माणूस ऑफिसात आला की मला वाटतं, आता पलीकडच्या टेबलावरून तो हळू आवाज येईल.

आमची कंपनी लहान. आसपासच्या दवाखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. केसपेपर, तपासण्या, औषधं, बिलं असलं सगळं. अक्का मूळच्या कुंडलच्या. बंगळूरला मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढून, वडील वारल्यावर परत आल्या. आई कुंडलला धाकट्या भावाकडं आणि ह्या सांगलीत भाड्याच्या घरात एकट्या. रविवारी एसटीनं कुंडल, सोमवारी सकाळी पिशवीत द्राक्षं नाहीतर भाजी घेऊन ऑफिसात. लग्न का केलं नाही, हे त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांचा एक हट्ट होता. तो सांगायचा तर आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सॉफ्टवेअर मजल्यामजल्यानं बांधतात. तळमजल्यावर माहिती साठवलेली असते. मधल्या मजल्यावर नियम असतात. सगळ्यात वर स्क्रीन, माणसांना दिसतो तो. एका मजल्यावरची माहिती दुसऱ्यावर न्यायची तर ती कशात तरी भरून न्यावी लागते, आणि ज्यात भरायची त्या प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी हे काम कुणी मनावर घेत नाही. जे सुचेल ते नाव द्यायचं, एकच वस्तू तळापासून वरपर्यंत फिरवायची आणि घरी जायचं. अक्कांनी मात्र आयुष्यभर तेवढंच मनावर घेतलं होतं.

दिग्विजय आमच्यातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाईचा. मिरजेचा. आल्या आल्या त्यानं तीन क्लास, म्हणजे माहिती भरायचे साचे, लिहिले आणि त्यांची नावं ठेवली पेशंटडेटा, पेशंटइन्फो आणि पेशंटडिटेल्स. अक्का खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसल्या. पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"हे कोण?"

"पेशंट, अक्का."

"आणि हे?"

"हापण पेशंटच."

"आणि खालचा?"

दिग्विजय हसला. "तोपण."

"म्हणजे सख्खे भाऊ आहेत," अक्का म्हणाल्या. "तिघांनाही घरात दादाच म्हणतात. आता पार्सलवाला दारात आला आणि म्हणाला, दादांचं पार्सल आहे, तर कुणाच्या हातात द्यायचं?"

मग त्यांनी त्याच्याकडून एकेकाचं काम वदवून घेतलं. एक जण माहिती साठवून ठेवत होता. दुसऱ्याला बिलाचे, सवलतीचे नियम लागू होत होते. तिसरा नुसता इकडून तिकडं जात होता.

"मग तसंच म्हण की. ही नोंद. हा रुग्ण. आणि हे पाकीट. पाकिटाला स्वतःचं डोकं नको, आणि त्यात जेवढं लागतंय तेवढंच भरायचं."

"नावानं काय फरक पडतोय अक्का? चालतंय की."

"तुला ठाऊक आहे म्हणून चालतंय. तू उद्या सोडून गेलास तर?"

दिग्विजय लाल झाला. त्या वेळी तो पुण्यातल्या कंपन्यांना चोरून मुलाखती देत होता, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असा त्याचा समज होता.

‘हे कोण? कुठं चाललंय? बरोबर काय नेतंय?’ हे त्यांचं रोजचं विचारणं. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. कुणी जिन्यात दिसला की मागून आवाज यायचा, "हे कोण? कुठं चाललंय?" अक्कांच्या कानावर जायचं. एकदा त्या मागं वळून म्हणाल्या, "नक्कल करता ते करा, निदान नीट करा. मी ‘चाललंय’ म्हणताना एवढं ओढत नाही." फोनवरही तसंच. पाटील बोलतोय म्हणून फोन आला की आधी, "कुठले पाटील? पलूसचे की आमच्या कुंडलचे?" उत्तर मिळाल्याशिवाय पुढं सरकायच्या नाहीत.

एका कामाला मात्र त्यांना हात लावता आला नव्हता. कराडकडच्या एका रुग्णालयाचं सॉफ्टवेअर अक्का यायच्या आधीच कुणीतरी लिहून गेलं होतं. त्यात एकच पेशंट होता, तळमजल्यापासून वरच्या स्क्रीनपर्यंत. नाव, पत्ता, रक्तगट, जुने आजार, बिल, सवलत, डॉक्टरांनी लिहिलेलं, काउंटरवर लिहिलेलं, सगळं त्याच्याच गाठोड्यात. अक्का त्याला वरात म्हणायच्या. "नवरीचं नाव विचारलं की अख्खी वरात दारात उभी."

त्या रुग्णालयाची नवी इमारत झाली. बसायच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा स्क्रीन लावायचा होता. टोकन क्रमांक, रुग्णाचं नाव आणि शेजारी काही सूचना असेल तर ती. अक्का सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

"त्या स्क्रीनसाठी वेगळं पाकीट करू द्या. टोकन, नाव आणि सूचना, बाकी काही नको. थोडे दिवस लागतील."

"मॅडम, एवढंसं काम आहे. आहे ती माहिती तिथं दाखवायची."

"आहे ती माहिती फार आहे, सर."

"उद्घाटनाला मोठे लोक येणार आहेत. तारीख हलणार नाही. नंतर करा तुमचं पाकीट."

अक्का दारापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे."

हे मला लक्षात राहिलं, कारण अक्का कधी ‘ठीक आहे’ म्हणत नसत. एक तर हो म्हणायच्या, नाहीतर नाही.

उद्घाटन झालं. स्क्रीन काही महिने सुरळीत चालला. नावापुढं कुणाला ‘उपाशीपोटी या’, कुणाला ‘जुना रिपोर्ट आणा’ असं दिसायचं. काउंटरवरची मुलगी ते ‘शेरा’ नावाच्या रकान्यात लिहायची, काही नसलं तर ‘बसा’ एवढं तरी. डॉक्टरांनाही त्यांच्या स्क्रीनवर एक रकाना होता, आजाराबद्दल टिपून ठेवायला. त्याचंही नाव शेराच होतं. दोन वेगळ्या गोष्टी, नाव एक आणि दोन्ही त्याच वरातीत. जुन्या माणसानं कधीतरी आत लिहून ठेवलं होतं की पहिला शेरा रिकामा असला तर दुसरा दाखवावा. आमच्यापैकी कुणाला ते ठाऊक नव्हतं.

एका दुपारी रेश्मा नावाची मुलगी तापासाठी तिथं गेली. उंब्रजची, नुकतंच लग्न झालेली. बरोबर नवरा आणि सासू. लग्नाआधी ती वडलांबरोबर याच दवाखान्यात यायची. त्या दिवशी गर्दीत काउंटरवरच्या मुलीनं तिच्यापुढं ‘बसा’सुद्धा लिहिलं नाही, तो रकाना रिकामा राहिला. तिचा नंबर आला, तेव्हा भिंतीवर तिच्या नावापुढं उमटलं की लहानपणापासून फिट्स येतात, गोळ्या चालू आहेत. इंग्रजीत होतं, पण नवरा शिकलेला होता. त्यानं वाचलं आणि आईला मराठीत सांगितलं. हॉल भरलेला होता. त्याच संध्याकाळी रेश्माला तिच्या बॅगेसकट माहेरी आणून सोडलं.

आम्हाला रुग्णालयाचा फोन आल्यावर कळलं. दिग्विजयनं चूक शोधून लगेच बंद केली. पत्रं इकडून तिकडं गेली, दिलगिरी झाली. सर म्हणाले, "नशीब, कुणी केस केली नाही. सुटलो."

अक्का म्हणाल्या, "कोण सुटलं?"

त्यांना त्या मुलीला भेटायचं होतं. दिग्विजय म्हणाला, "पत्ता आहे की आपल्याकडं, आत्ता काढून देतो."

"नको. तो तिनं दवाखान्याला दिलाय, आपल्याला नाही." त्यांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना फोन करून विनंती केली की मुलीला विचारा, मी आले तर चालेल का. बरेच दिवस उत्तर आलं नाही. मग आलं, या म्हणून.

मी त्या शनिवारी साताऱ्याला घरी निघालो होतो. उंब्रज माझ्या वाटेवरच. अक्का माझ्याच गाडीत बसल्या. रेश्माच्या वडलांचं हायवेच्या कडेला टायरचं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. वडील दारातच उभे होते. पाणी दिलं, पण बसा म्हणाले नाहीत.

"आवं ताई, आता येऊन काय करनार? पोरीचं व्हायाचं ते झालं."

"काही करायला नाही आले, दादा. चूक आमची होती, एवढं सांगायला आले."

"दवाखानेवाले म्हनले, मशीन चुकलं."

"मशीननं काही केलं नाही. ते मी थांबवायला पाहिजे होतं. मला दिसत होतं, तरी मी थांबवलं नाही."

 वडील दारातून बाजूला झाले. आत रेश्मा भिंतीला टेकून बसली होती. अक्का तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. बाहेरून ट्रक गेला की खिडकीची काच थरथरत होती.

रेश्मा रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे बोलली. "लग्न ठरलं तवाच मी सांगनार हुते. आप्पा म्हनलं, थांब. मग म्हनलं, जरा रुळले की सांगते त्यास्नी. लय येळा तोंडाशी आलं हुतं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिथं लिवलेलं खोटं न्हवतं, मॅडम. पन ते माझं हुतं."

अक्कांनी मान हलवली. माफी मागायला आल्या होत्या, ते शब्द त्यांच्याकडून निघालेच नाहीत. त्यांनी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

तेव्हा रेश्मा रडायला लागली. वडील दारातून आत आले आणि तिच्याकडं बघत उभे राहिले. त्या सगळ्या दिवसांत, नंतर तिच्या वडलांनीच मला सांगितलं, ती एकदाही रडली नव्हती. घरात लग्नाचं, सोयऱ्यांचं, लोकांचं बोलणं चाललं होतं. गोळीचं कुणी विचारलं नव्हतं.

अक्कांना एसटी स्टँडवर सोडलं. गाडीतून उतरताना त्या थांबल्या. "तिची गोष्ट होती रं ती. आपण तिला न विचारता वाहून नेली," म्हणाल्या आणि दार लावलं.

त्यानंतर सरांनी काही अडवलं नाही. अक्कांनी ते जुनं सॉफ्टवेअर मुळापासून उसवलं. काउंटरवरच्या रकान्याला ‘सूचना’ नाव दिलं, डॉक्टरांच्या रकान्याला ‘वैद्यकीय टिपण’. भिंतीसाठी वेगळं पाकीट केलं, त्यात आधी टोकन, नाव आणि सूचना ठेवली. मग सूचना काढली, शेवटी नावही काढलं. आता तिथं नुसता क्रमांक दिसतो. रुग्णालयाची तक्रार आली की म्हाताऱ्या माणसांना आपला क्रमांक लक्षात राहत नाही. अक्कांनी कळवलं, मग शिपायाला जवळ जाऊन हळू हाक मारायला सांगा.

नंतर आलेल्या मुलांना त्यांनी रेश्माची गोष्ट कधी सांगितली नाही. ती मुलं आपली नावांवरून बोलणी खायची आणि मागं म्हणायची, बाई फार खुसपटं काढते. मला सांगावंसं वाटायचं. अक्कांनी एकदाच माझ्याकडं बघितलं आणि मी गप्प बसलो.

रेश्माचं म्हणाल तर नवरा एकदा न्यायला आला होता. ती गेली, काही महिन्यांनी परत आली. आता उंब्रजलाच दूध डेअरीच्या ऑफिसात आहे. अक्का तिला अधूनमधून फोन करायच्या. सुरुवातीला ती उचलायची नाही. मग उचलायला लागली. त्या काय बोलायच्या ठाऊक नाही. अक्का फोन घेऊन गच्चीत जायच्या आणि बराच वेळ यायच्या नाहीत.

त्याच गच्चीत एकदा त्यांनी मला बोलावलं. द्राक्षांची पिशवी हातात होती, ती मला दिली. "पोटात गाठ आहे. चांगली नाही. मिरजेला ऑपरेशन करायचंय. ऑफिसात एवढंच सांग की रजेवर आहेत. सरांना मी बोललेय. भावाला सांगितलंय."

"आणि आई?"

"तिला गाठ ठाऊक आहे. कसली ते नाही. ते मी सांगीन." मग म्हणाल्या, "माझी मी सांगीन."

ऑपरेशन झालं, मग पुढचे उपचार. मी मिरजेला जात होतो. केस गेले होते, त्या निळा रुमाल बांधायच्या. हात सुकले होते. तरी लॅपटॉप उशाशी असायचा आणि आमचं काम वाचून मेसेज यायचे. ‘ह्या क्लासचं नाव मॅनेजर, हा नक्की काय मॅनेज करतो?’ ‘टेंप, म्हणजे तात्पुरतं, असं नाव घेऊन काहीतरी इथं वर्षभर मुक्कामाला आहे, त्याला घर द्या.’ दिग्विजय ते मेसेज मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि सगळे हसायचे. मग मेसेज दिवसाआड यायला लागले. मग आठवड्यानं. एक दिवस दिग्विजयनं आपल्या एका क्लासचं नाव चार वेळा बदललं, तरी मनासारखं होईना. तो उठून बाथरूममध्ये गेला आणि डोळे धुऊन आला.

शेवटी भावाचा फोन आला. "घरी आणलंय कुंडलला. डॉक्टर म्हणाले, आता औषध नको. यायचं असंल तर या."

मी गेलो. भाऊ फाटकापाशीच भेटला. त्यानं मला ट्रॅक्टरच्या आडोशाला नेलं. "आईला म्हाईत न्हाई औषध थांबलंय ते. बरी व्हायला घरी आणलीया असं वाटतंय तिला. मी सांगतो म्हनलं तर अक्का सांगू देत न्हाई."

अक्का अंगणात खुर्चीवर होत्या. ऊन अंगावर, पाय चटईवर. इतक्या लहान दिसत होत्या की पहिल्यांदा मला वाटलं, खुर्चीत कुणीतरी शाल ठेवलीय. डोक्यावर रुमाल नव्हता. औषध थांबल्यावर केस परत उगवायला लागले होते, तान्ह्या पोराच्या जावळासारखे, मऊ आणि करडे. आई मागं उभी राहून त्यांना तेल लावत होती. ऐंशीच्या घरातली बाई, वाकलेली. पण हात भराभर चालत होते.

"बस," अक्का म्हणाल्या. आवाज पूर्वीपेक्षाही हळू. मी चटईवर बसलो. "दिग्विजयचं काय चाललंय?"

"पुण्याचं बोलावणं आलं होतं. नाही म्हणाला."

"मूर्ख आहे. जा म्हणावं." आणि थोड्या वेळानं, "बरं केलं."

आईनं वाटीत बोटं बुडवली. "लय दाट येत्यात बघ," मला म्हणाली. "ल्हानपनी असंच जावळ हुतं हिचं. दिवाळीपत्तूर येनी येतीया."

 अंगणाच्या पलीकडं द्राक्षबागेत औषध मारायचा पंप चालू होता, त्याचा आवाज येत होता. तो थांबला. अक्कांनी हात मागं नेऊन आईचं मनगट धरलं.

"आई, दिवाळीला मी नसणार. औषध थांबवलंय डॉक्टरांनी. आता उपयोग नाही म्हणाले."

आईचा हात अक्कांच्या डोक्यावर तसाच राहिला. भाऊ ट्रॅक्टरपाशी पाठमोरा उभा होता, त्यानं वळून बघितलं नाही. 

आईनं हळूच मनगट सोडवून घेतलं. अक्कांची हनुवटी धरून डोकं थोडं मागं केलं.

"मान अशी ठेव," ती म्हणाली. "डोळ्यात जाईल तेल."

अक्कांनी डोळे मिटले. आई पुन्हा टाळूपासून चोळायला लागली, आता अगदी सावकाश. मी चपला हातात घेऊन फाटकापर्यंत गेलो आणि बाहेर गेल्यावर पायात घातल्या.